मोत्याचं ताट

 

गेल्या महिन्यात तुमची जी पत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता. "बाई, आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलंय. त्याला खायला काय काय घालायचं?" एकीनं तर यादीच करून पाठवली. दूधपोळी, बिस्किटं, श्रीखंड, चकली, द्राक्षं, आंबा, पावभाजी. आणि खाली लिहिलं होतं, 'बरोबर की चूक ते लिहा.' अगदी सहामाहीच्या पेपरासारखं! सात गुणांच्या या प्रश्नात तिला किती मिळाले ते सांगते हं, पण आधी मोत्याची गोष्ट ऐका. ती ऐकल्याशिवाय माझं उत्तर तुम्हांला पटायचं नाही.

माझी शाळा सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात आहे. तासगाव म्हटलं की बेदाणा! फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे आलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब शेड दिसतील. आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या आणि त्यांवर पसरलेली द्राक्षं. सावलीत, वाऱ्यावर साधारण पंधरा दिवस ती वाळतात. चार किलो द्राक्षं वाळली की जेमतेम एक किलो बेदाणा होतो. हा चारास एकचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मार्चमधली गोष्ट. सकाळची शाळा सुरू झाली होती. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडता तसाच बसलेला. (त्याचं नाव सांगत नाही. तो हा अंक वाचतो, आणि त्याच्या परवानगीनंच मी हे लिहितेय.) मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तर डोळे भरून आले.

"बाई, मोत्या रात्रीपासनं वकाय लागलाय. उठतच न्हाई."

"काय खाल्लं त्यानं?"

"काय न्हाई. भाकरीच."

हे बोलताना तो माझ्याकडे न बघता बुटाच्या लेसकडे बघत होता. शिक्षकांना एक गोष्ट नक्की कळते बरं का, मूल बुटाकडे बघून बोललं की अर्धं उत्तर पोटात असतं. मी त्याला ओट्यावर घेऊन गेले, शेजारी बसले आणि गप्प राहिले. थोड्या वेळानं ते अर्धं उत्तर बाहेर आलं. मोत्याला घरी आणून काल एक वर्ष झालं होतं. म्हणजे मोत्याचा वाढदिवस! केक कुठून आणणार? म्हणून यानं शेडमधून दोन मुठी बेदाणे खिशात भरले आणि मोत्याला चारले. मोत्यानं हात चाटून पुसून साफ केला. आता पंचाईत अशी, की बेदाण्याला हात लावायचा नाही अशी बाबांची सक्त ताकीद. माल सौद्याला जायचा होता. त्यामुळे रात्री बाबांनी "काय खाल्लं रे यानं?" असं विचारलं तेव्हाही हा म्हणाला, "भाकरीच."

माझे मिस्टर पशुधन पर्यवेक्षक आहेत. आमच्या घरी जेवताना गायी-म्हशींच्या आजारांशिवाय दुसरा विषय नसतो. मला त्याचा फार कंटाळा येतो, पण त्या दिवशी तो उपयोगी पडला. बेदाणा कुत्र्याला विषासारखा असतो हे मी कधीतरी भात कालवता कालवता ऐकलं होतं. मी लगेच त्याच्या बाबांना फोन लावला.

"अहो बाई, बेदाण्यानं काय होतंय?" ते म्हणाले. "माणसं बाळंतिणीलासुद्धा देतात की!"

खरंच देतात. आणि तिथंच तर गंमत आहे. गंमत कसली, धोका आहे.

बाबा भले माणूस. वाद न घालता त्यांनी मोत्याला गाडीवर घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लं, किती आणि कधी?" आता त्यांच्याकडे तिन्हींची उत्तरं होती. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवतात. सुरुवातीला नुसत्या उलट्या होतात, म्हणून माणसं पोट बिघडलंय असं समजून गप्प बसतात. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते, आणि एकदा का ती थांबली की डॉक्टरांच्याही हातात फारसं उरत नाही. उलट्या सुरू व्हायच्या आधी, खाल्ल्यानंतर तास-दोन तासांत आणलं असतं, तर औषध देऊन पोट रिकामं करता आलं असतं. ती वेळ केव्हाच गेली होती. मोत्याला सलाइन लावलं. रक्त सांगलीला तपासायला पाठवलं. तीन दिवस सलाइन चालू होतं, आणि तीन दिवस आमचा हा पठ्ठ्या शाळा सुटली की दप्तरासकट दवाखान्यात जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी मोत्यानं शेपूट हलवली आणि खांबाला जाऊन लघवी केली. कुत्र्यानं खांबाला लघवी केली म्हणून आनंदानं ओरडणारा मुलगा तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय.

बाबा त्याला रागावले का? मीही धास्तावले होते. पण ते एवढंच म्हणाले, "रात्रीच सांगितलं असतंस तर रात्रीच नेला असता की रे." त्यानंतर म्हणे कितीतरी वेळ दोघंही बोलले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, बेदाण्यात असं आहे तरी काय? खूप वर्षं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग एक मजेशीर धागा सापडला. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणारं एक केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांकडे एका कुत्र्याची माहिती आली. त्यानं घरी मळलेली, मुलांच्या खेळण्यातली कणीक खाल्ली होती, आणि त्याची मूत्रपिंडं बिघडली होती, अगदी बेदाण्यानं बिघडावीत तशीच. त्या कणकेत टार्टारिक आम्लाचा एक क्षार घातलेला होता. डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण द्राक्षांत तेच आम्ल भरपूर असतं! २०२१ साली त्यांनी आपला हा अंदाज जाहीर केला. आपलं शरीर ते आम्ल निभावून नेतं, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते जमत नसावं. आता तो चारास एकचा हिशेब आठवा. चार द्राक्षांचा ऐवज एका बेदाण्याच्या वजनात आला, तर मूठभर बेदाणे म्हणजे किती द्राक्षं?

आणि हेच आम्ल आपल्या आणखी एका लाडक्या वस्तूत असतं. ओळखा पाहू! चिंच. हो, आमटीतली चिंच. चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्याही नोंदी त्याच डॉक्टरांना सापडल्या.

काही कुत्रे द्राक्षं खातात आणि त्यांना काहीच होत नाही, तर काहींना थोड्याशानं होतं. कुणाला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून "आमचा टायगर रोज खातो, त्याला कुठं काय झालं?" असं कुणी म्हणालं, तर टायगरचं नशीब चांगलं म्हणायचं आणि आपल्या मोत्याला देऊ नये.

आता माझी चूक सांगते. लपवून काय उपयोग? आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर काळू नावाचा कुत्रा असतो. पोषण आहाराच्या वेळी मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, "अन्न टाकू नका रे, उरलेलं काळूला घाला." काळू खिचडी खायचा, मसालेभात खायचा, आमटी प्यायचा. आम्हांला पुण्य मिळाल्यासारखं वाटायचं. मोत्याच्या वेळी दवाखान्यात बसले होते तेव्हा मी डॉक्टरांना सहज हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यात कांदा असतो ना?"

असतो की! आमच्याकडे कांद्या-लसणाची चटणी पडल्याशिवाय भाजी होतच नाही. आणि कांदा-लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो नाहीतर वाळवून पूड केलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका किलो वजनाला पंधरा ग्रॅम कांदा पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो. करा बरं गणित. दहा किलोच्या कुत्र्याला किती? दीडशे ग्रॅम. म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे. एका वेळी एवढं कोण घालतं, असं वाटेल. पण रोज थोडं थोडं जात राहिलं तरी अपाय साठत जातो, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा पळायचा बंद होतो. तोपर्यंत कांदा कुणाच्या लक्षातही राहत नाही. काळू उन्हाळ्यात फाटकाशी नुसता पडून असायचा, तेव्हा आम्ही म्हणायचो, "ऊन्हानं सुस्तावलाय." ऊन्हानंच होता की काय, ते आता कोण सांगणार?

आता आमच्या स्वयंपाकाच्या ताई मसाला घालायच्या आधी साधा भात बाजूला काढतात. तो काळूचा. घरीसुद्धा हे अगदी सोपं आहे. वरण शिजलं की फोडणीच्या आधी एक वाटी बाजूला काढायला आईला सांगा. मोत्याची आई तेच करते. (म्हणजे त्या मुलाची आई. पण तिला दोघंही आईच समजतात.)

मग मोत्याच्या ताटात असतं काय? सकाळ-संध्याकाळ असं दोनदा, ठरलेल्या वेळी जेवण. थोडी पोळी, भाकरी किंवा भात. त्याबरोबर उकडलेलं अंडं, नाहीतर हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. लाल भोपळा किंवा गाजर शिजवून कुस्करलेलं. कधी बिनसाखरेचं दही. तिखट, तेल, चिंच, गूळ काही नाही. पाणी मात्र दिवसभर भरलेलं. "एवढं अळणी तो खातो का?" असं त्या मुलाच्या आजीनं विचारलं होतं. अहो, आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या साधारण नऊ हजार, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. त्याचा सगळा आनंद नाकात! कोमट अन्नाला वास चांगला सुटतो, तेवढ्यावर तो खूष असतो. मिठा-मसाल्याची हौस आपली आहे, त्याची नाही.

कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊ, मग त्याला भाकरी कशी पचते? छान प्रश्न आहे. हजारो वर्षं माणसाच्या दाराशी राहून कुत्र्याचं पोटही बदललं. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवायला लागणारी जनुकं लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. म्हणजे आपल्या भाकरीच्या तुकड्यानं त्याचं पोट घडवलं! पण अगदी आपल्यासारखंही घडवलं नाही. आपल्याला क जीवनसत्त्वासाठी आवळा-लिंबू लागतं, कुत्रा ते स्वतःच्या अंगात तयार करतो. उलट ड जीवनसत्त्व आपल्याला उन्हातून मिळतं, आणि कुत्रा दिवसभर उन्हात लोळला तरी त्याला ते पुरेसं मिळत नाही, खाण्यातूनच द्यावं लागतं. आहे की नाही उलटा कारभार?

पिल्लांच्या बाबतीत तर फार जपावं लागतं. माझ्या मामांनी एकदा पिल्लू आणलं होतं. मामा मोठे हौशी! रोज बाजारातून त्याच्यासाठी मटणाचे तुकडे आणि कलेजी आणायचे, दुसरं काही घालायचे नाहीत. पिल्लू गुबगुबीत झालं, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडं. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं आणि हाडं मऊ पडतात. मात्र म्हणून आपल्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत हं. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियमही बाधतं. लस द्यायला न्याल तेव्हाच डॉक्टरांना वजन दाखवा आणि खाणं ठरवून घ्या. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं लागतं, सहा महिन्यांनंतर दोनदा पुरतं. दुकानातलं तयार खाणं आणणार असाल तर ते पिल्लाचं की मोठ्याचं, तारीख उलटली नाही ना, आणि ते पूर्ण आहार म्हणून केलंय की नुसता खाऊ आहे, एवढं पाकिटावर वाचा. आणि खाणं बदलायचं तर एकदम नको, आठवडाभरात हळूहळू.

"आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही," असं एकानं लिहिलंय. दूध-दही, पनीर, डाळी यांवर कुत्रा राहू शकतो, पण तोल सांभाळावा लागतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. मांजराला मात्र मांसाशिवाय चालत नाही.

दुधाचंही सांगते. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, पोट ढिलं होतं. मोत्याला होतं, शेजारच्या राणीला होत नाही. बघून ठरवायचं.

हाडांबद्दल दोन शब्द. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, चावताना त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात आणि घशात-आतड्यात टोचतात. ताटातली हाडं कुत्र्यालाच टाकायची असतात, असं आपण समजतो. ती खड्ड्यात पुरा, नाहीतर कुत्रा पुन्हा उकरून काढेल एवढ्या वर टाकू नका. चॉकलेट आणि चहा-कॉफी तर नकोच. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाचा एक गोड पदार्थ असतो, त्यानं अर्ध्या तासातसुद्धा कुत्रा कोसळू शकतो. आणि कुत्रा कण्हतोय म्हणून घरातली डोकेदुखीची गोळी त्याला कधी देऊ नका. मोठी माणसंसुद्धा मायेनं हे करतात.

काही भलतं खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच दुसरं संकट उभं राहतं. दुधानंही विष उतरत नाही. उरलेला पुडा किंवा वेष्टण हातात घ्यायचं, घड्याळ बघायचं आणि दवाखाना गाठायचा. डॉक्टर काय, किती, कधी हेच विचारणार आहेत. उत्तर तुमच्याकडेच असणार, कारण बहुतेक वेळा खायला घालणारे तुम्हीच असता.

आता बिस्किटं. इथं माझ्या वर्गानं गणिताच्या तासाला एक हिशेब केला. दहा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात. एका मध्यम पोळीत धरा १०० कॅलरी. म्हणजे एक पोळी हा त्याच्या दिवसाचा सहावा भाग. चौथीतल्या मुलाला लागतात १७०० च्या आसपास. म्हणजे मोत्याची एक पोळी तुमच्या जवळजवळ तीन पोळ्यांएवढी झाली! आणि ५० ग्रॅमच्या बिस्किटांच्या पुड्यात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाइतकाच असावा, असं डॉक्टर सांगतात. ६०० चा दहावा भाग ६०. मग पुड्यातली किती बिस्किटं? फळ्याकडे बघून वर्ग गप्प झाला. एकजण हळूच म्हणाला, "बाई, मी रोज अख्खा पुडा घालतो."

आता त्या यादीचा पेपर तपासते. श्रीखंड चूक, चकली चूक, पावभाजी चूक, बिस्किटं चूक. द्राक्षांवर तर मी लाल पेननं दोन रेघा मारल्यात. दूधपोळीतल्या पोळीला अर्धा गुण. आंबा मात्र बरोबर, साल आणि कोय काढून एखादी फोड. सातापैकी दीड! वाईट वाटून घेऊ नकोस गं. मोत्याच्या आधी मीही एवढ्यावरच राहिले असते.

कुत्रा नीट जेवतोय की जास्त, हे बघायची एक युक्ती डॉक्टरांनी आम्हांला शिकवली. तुमची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट हाडांच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा टोचल्या तर तो रोडावलाय. आता हात पालथा पसरून धरा आणि बोट पाठीवरून फिरवा. हाडं लागतात, पण वर मऊ आवरण आहे. बरगड्या अशा लागल्या तर उत्तम. मग हात उलटा करून तळव्यावरून बोट फिरवा. हाडं शोधावी लागतात ना? तसं झालं तर ताट कमी करा, फिरणं वाढवा.

ही युक्ती शिकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा पठ्ठ्या वहीचं पान घेऊन आला. घरचा अभ्यास मी दिलाच नव्हता, यानं आपणहून केला होता. पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं:

मोत्या – पालथा हात.
काळू – मूठ.
राणी – पालथा हात.
बाबा – तळवा.